नात्यातली सोयरीक आणि आपले मौन

बालरुग्णाच्या कागदावर एक रकाना असतो : आईवडिलांचे लग्नापूर्वीचे नाते. गेली पंचवीस वर्षे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथून येणाऱ्या बालकांसाठी मी तो भरीत आलो आहे. कोठे ‘मामाची मुलगी’, कोठे ‘सख्खा मामा’. रकाना भरून आपण औषधे लिहू लागतो. आपल्या या मौनाविषयी माझी तक्रार आहे. अर्थात ती प्रथम माझ्याविरुद्ध.

सीमाभागात मामाची मुलगी करण्याची आणि मामानेच भाचीला वरण्याची, अशा दोन्ही रूढी शेजारीशेजारी नांदतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असल्यास यास मुभा ठेवली आहे.

‘आमच्या घराण्यात हा आजार कोणालाच नाही’, असे पालक म्हणतात. तेही खरेच असते. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून मांडले ते हेच, की अप्रभावी गुण लपून राहतो. थॅलेसेमियाचे एकच सदोष जनुक असलेला वाहक धडधाकट दिसतो. दोन्ही बाजूंनी एकेक आले की मूल आजारी पडते. आत्ये-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समाईक असतात, मामा-भाचीची एक चतुर्थांश. वारसा दोघांचा सारखा, पण बोल मात्र सुनेला. मग सासू तिची सख्खी आजी का असेना!

‘पहिले असे झाले, आता पुढची तीन चांगली होतील’, हाही भ्रमच. दोघेही वाहक असतील तर पंचवीस टक्के धोका प्रत्येक गर्भारपणात नव्याने असतो.

आमच्याच नात्यात अशी सोयरीक ठरली तेव्हा मी बैठकीस होतो. शुभकार्यात अपशकुन नको म्हणून गप्प बसलो. त्यांच्या मुलाला आज दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते.

मी स्वतः आत्ये-मामे भावंडांच्या विवाहातून जन्मलो आणि ठणठणीत आहे. बहुसंख्य मुले तशीच असतात. म्हणून लोकांना खोटी भीती घालणे वैद्यास शोभत नाही. परंतु सुपारी फुटण्यापूर्वी दोघांची एचबीए-टू ही रक्ततपासणी करण्यास काय हरकत आहे? सर्वच आनुवंशिक आजार तिने कळत नाहीत, थॅलेसेमियाचे बहुतेक वाहक मात्र कळतात. दोघेही वाहक निघाले तर निर्णय त्यांचा. विवाह झालाच, तर गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्यात निदानाची सोय आहे, एवढे त्यांना वेळेवर सांगावे.

येत्या लग्नसराईपूर्वी आपल्या संघटनेने भालकी आणि आळंद येथे अशी शिबिरे घ्यावीत. नावनोंदणीच्या टेबलावर बसण्यास मी तयार आहे.