आयडलिंगचा स्क्रू

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग पटलं नाही तर खुशाल भांडा. मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरवर आयडलिंगचा जो बारकासा स्क्रू असतो, त्याने आपल्या देशात जेवढे बिघाड झाकले आहेत तेवढे दुसऱ्या कशानेच झाकले नसतील. गाडी सिग्नलला बंद पडते? स्क्रू आवळा. आचके देते? आवळा. सकाळी किक मारून मारून पाय दुखतो? अजून अर्धा फेरा आवळा. इंजिन जोरात गुरगुरायला लागतं, गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक मोकळा. बिघाड होता तिथेच राहतो, फक्त आता त्याचा आवाज ऐकू येत नाही.

हे मी गॅरेजवाल्यांना शिव्या द्यायला लिहीत नाही. एकदा तो स्क्रू मीच आवळायला लावला आहे, आणि तोही गाडीकडे न बघता.

सध्या माझं पोस्टिंग निलगिरीत, वेलिंग्टनला आहे. कुन्नूरला लागून असलेली ही छावणी समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० मीटरवर. खाली मेट्टुपाळयम सव्वातीनशे मीटरच्या आसपास. मधे १४ हेअरपिन वळणांचा घाट. वर स्वेटर घालून निघालेला माणूस खाली पोहोचेपर्यंत घामाने भिजतो. इथे देशभरातल्या रेजिमेंटांतून माणसं येतात. माझ्या ऑफिसात एक नाईक आहे, साताऱ्याकडचा. गावचं घर, धाकट्या भावाचं शिक्षण, इथे बायको आणि एक मुलगी. एवढ्यातून उरलेल्या पैशात त्याने कोइमतूरहून १५० सीसीची कार्ब्युरेटरवाली गाडी घेतली. तो तिचा तिसरा मालक. कुठल्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही, दोष कंपनीचा नव्हता.

एके दिवशी गॅरेजला जायला तासाभराची परवानगी मागायला तो माझ्यापुढे उभा राहिला. मी विचारलं, "काय झालंय गाडीला?"

"साहेब, स्लोला थांबत नाही. कधी रेस आपोआप वाढते, कधी एकदम बंद पडते. इथे वर बरी असते, खाली मेट्टुपाळयमला गेलं की जास्त त्रास देते. चोक जरा ओढून ठेवला की नीट चालते."

मी फाईलमधून मान वर न करता म्हणालो, "आयडलिंग वाढवून घे की."

साहेबांनीच सांगितलं म्हटल्यावर त्याने तेच केलं. मेकॅनिकनेही दुसरं काही पाहिलं नाही, पन्नास रुपये घेतले आणि स्क्रू आवळून दिला. तीन आठवडे गाडी ठीक होती. ठीक म्हणजे बंद पडत नव्हती. आयडलिंग इतकं चढवलेलं की उतारावर थ्रॉटल सोडला तरी इंजिन गाडीला हवं तसं अडवत नव्हतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग एका रविवारी तो बायकोला घेऊन मेट्टुपाळयमच्या बाजारात गेला. परत येताना, घाट सुरू झाल्यावर खालच्याच एका वळणावर त्याने थ्रॉटल सोडला, क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि गाडी मेली. चढ, आडवं वळण, मागे माणूस, हातात पिशव्या. गाडी मागे सरकली आणि डावीकडे कलंडली. मागून येणारी लॉरी हातभर अंतरावर थांबली. त्याचं मनगट मोडलं, तिच्या गुडघ्याला टाके पडले. लॉरीच्या ड्रायव्हरने ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला असता, तर मी साताऱ्याला कुठलं पत्र लिहिलं असतं ते मला माहीत आहे. तशी पत्रं मी लिहिलेली आहेत. त्यातली सगळी सीमेवरची नव्हती.

आता त्याचं बोलणं पुन्हा वाचा. मी हॉस्पिटलातून परतल्यावर ते आठवून कागदावर लिहून काढलं, तेव्हा मला लाज वाटली. त्या चार वाक्यांत अख्खं निदान होतं.

चोक ओढला की नीट चालते. चोक इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त देतो. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा, असा साधारण हिशेब असतो. चोकने गाडी सुधारत असेल, तर एरवी मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय. रेस आपोआप वाढते. नुसता पाइलट जेट तुंबला असता तर गाडी बहुधा मरगळली असती. थ्रॉटल बंद असताना रेस चढते म्हणजे कुठून तरी चोरून हवा आत शिरतेय. राहिलं तिसरं, वर बरी आणि खाली वाईट. खरं तर उलटं व्हायला हवं. मैदानात सेट केलेला कार्ब्युरेटर उंचावर कुरकुरतो. मेट्टुपाळयमच्या तुलनेत इथली हवा सुमारे १५ टक्क्यांनी विरळ, पण कार्ब्युरेटर पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून वर मिश्रण जाड होतं. ही गाडी वर बरी होती, कारण विरळ हवेमुळे वाढलेलं पेट्रोल त्या चोरट्या हवेची भरपाई करत होतं. खाली उतरलं की भरपाई संपायची आणि खरा रोग दिसायचा. वेलिंग्टनच्या गॅरेजात ती गाडी हजार वेळा तपासली असती तरी ती हजार वेळा शहाण्यासारखी वागली असती.

मग आम्ही ती तपासली, पण रीतसर. पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे बदललं ते लिहून ठेवायचं. दुसरा नियम: फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर. टाकीचं झाकण उघडून पाहिलं. झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल तर गाडी दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडते आणि झाकण उघडताच 'सुस्स' आवाज येतो. तसं काही नव्हतं. पेट्रोल कॉकमधून धार नीट येत होती. बॅटरीचे टर्मिनल घट्ट होते. एअर फिल्टर स्वच्छ होता. प्लग काढला. त्याचं टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरकं असेल तर कमी. हा पांढुरका होता. मग इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारला. (इथे काही जण पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर तसं करू नका.) फवारा मारताच इंजिनाचा आवाज बदलला. रबर काढून वाकवलं तर खालच्या बाजूला नखाएवढी भेग. थंड असताना मिटलेली, गरम होऊन हादरे बसले की उघडणारी.

नवं रबर साडेतीनशे रुपयांना आलं. बसवायला वीस मिनिटं लागली. त्यानंतर, म्हणजे सगळ्यात शेवटी, इंजिन पुरतं गरम करून आयडलिंगचा स्क्रू सेट केला. तो असतोच मुळी त्यासाठी. रबर बदलूनही फरक पडला नसता तर पुढे पाइलट जेट उघडला असता, मग थंड इंजिनावर टॅपेटचं अंतर मोजलं असतं. ही यादी काही गुपित नाही. कुठलाही जुना फिटर ती झोपेत म्हणून दाखवेल.

यावर मला दोन उत्तरं ऐकवली जातात. पहिलं: "मेकॅनिकला एवढा वेळ कुठे असतो?" बरोबर आहे, नसतो. पण तो का नसतो? आपण त्याला पार्टचे पैसे देतो, मजुरीचे घासाघीस करून देतो, आणि विचार करण्याचे अजिबात देत नाही. एका माणसाने तासभर डोकं चालवून साडेतीनशेचं रबर शोधून काढलं आणि तीनशे रुपये मागितले, तर आपण म्हणतो लुटलं. दुसऱ्याने न बघता दोन हजारांचा कार्ब्युरेटर बदलला, तर निमूटपणे देतो. मग तो स्क्रू आवळणार नाही तर काय करणार?

दुसरं: "आता सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, तुमचा स्क्रू इतिहासजमा झाला." १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला, हे खरं. पण जवान, डिलिव्हरीवाला, गावातला मास्तर जी गाडी घेतो ती बऱ्याचदा त्याच्या आधीची असते. आणि इंजेक्शनच्या गाडीतही रबर ते रबरच. तिथे स्क्रू नाही म्हणून मीटरवरचा पिवळा दिवा स्कॅनर लावून घालवतात आणि गाडी परत देतात.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी, विशेषतः माझ्या वाचकांत जे वर्दीवाले आहेत त्यांच्यासाठी, एवढंच. गाडी बघायला गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर विकणाऱ्याने ती तुमच्यासाठी तापवून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू करून पाच-सात मिनिटं स्लोला राहू द्या. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. रेस बदलली तर केबल ताणलेली आहे. रेस मुळातच चढी वाटली तर विकणाऱ्यासमोर ती कमी करून बघा. तो "नको नको, तशीच राहू द्या" म्हणाला तर काय समजायचं ते समजा. आणि फील्डला जाताना गाडी वर्ष-दोन वर्षं उभी ठेवणार असाल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून जा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं. परत याल तेव्हा जेटमध्ये चिकट घाण साचलेली असेल.

राहता राहिलं माझं. खडकवासल्याला मला नकाशा वाचायला शिकवला, घोड्यावर बसायला शिकवलं, माणसांचं ऐकून घ्यायलाही शिकवलं. पण वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत 'सब ठीक है, सर' हे इतकं कानावर पडतं की ठीक नसलेलं ऐकायची सवय मोडते. जवान सांगतो, घरी जरा अडचण आहे. आपण चार दिवसांची रजा देतो. तो परत आला की विचारतो, "ठीक?" तो म्हणतो, "ठीक, साहेब." आयडलिंग वाढलेलं असतं. अडचण काय होती, ती कधी सुरू झाली, कशाने वाढते, हे विचारलेलंच नसतं. त्याला पाच मिनिटं लागली असती. त्या नाईकालाही मी पाचच मिनिटं दिली असती तर पुरली असती.

फाटलेलं रबर मी टेबलाच्या खणात ठेवलं आहे. नाईकाचं प्लास्टर निघालं, गाडी आता वरही आणि खालीही घड्याळासारखी चालते. बायको मात्र मेट्टुपाळयमला जायचं झालं तर मुलीला घेऊन बसने जाते. तो गाडीवरून त्या बसच्या मागे मागे घाट उतरतो.