किंमत आणि मोल

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी पाणी आणि हिरा यांचे उदाहरण दिले. मला मात्र मोटारगाडी आठवली. १९५५ साली मर्सिडीज-बेंझने बंद टपाच्या ‘३०० एसएलआर’ गाड्या दोनच बांधल्या. त्यातली एक मे २०२२ मध्ये स्टुटगार्टला लिलावात विकली गेली. किंमत १३.५ कोटी युरो! फेरारीच्या ‘२५० जीटीओ’ १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ निघाल्या. त्यातली एक २०१८ मध्ये ४.८४ कोटी डॉलरला गेली.

हा भाव केवळ वेगाचा नव्हे; आजच्या कितीतरी गाड्या त्यांहून वेगवान आहेत. भाव आहे तो दुर्मीळपणाचा. उलट आमचा कांदा भरपूर पिकला की भाव कोसळतो. वडिलांचे कष्ट तेवढेच. पण बाजार कष्ट मोजत नाही, टंचाई मोजतो. हे मला पटते, पण पचत नाही.

तरी एका गोष्टीपाशी मी थबकतो. त्या मर्सिडीजचे पैसे कंपनीने तरुणांच्या शिक्षणासाठी, शिष्यवृत्त्यांसाठी ठेवले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझी फी कांद्याच्या पट्टीतून भरली जाते. म्हणून म्हणतो, मित्रहो, किंमत लिलावात ठरते. मोल ठरते ते त्या पैशाने काय घडले यावर. त्या हिशेबाने वडिलांची पट्टी मला लहान वाटत नाही.