धंदेवाईक!

‘खेळून का कुठं पोट भरतं?’ हा प्रश्न, वाचकहो, आपणा सर्वांच्या घरात कधी ना कधी विचारला गेला आहे. लॉस एंजेलिसच्या एका पोरानं त्याला ‘हो, भरतं!’ असं उत्तर दिलं आणि त्याची जबर किंमतही मोजली.

रिकार्डो गोन्झालेस त्याचं नाव. जग त्याला पांचो म्हणे. आईबाप मेक्सिकोहून आलेले. सात भावंडांत हा थोरला. बाराव्या वर्षी आईनं ५१ सेंटांची रॅकेट हाती दिली. ना गुरू, ना क्लब. सार्वजनिक बागेतल्या कोर्टावर दुसऱ्यांचं पाहून पोरगा शिकला. शाळा अर्थातच बुडाली! पण १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षं तो अमेरिकेचा अजिंक्यवीर झाला.

पण चषकावर काही चूल पेटत नाही. पांचोला बायको होती, संसार होता. त्या काळी विंबल्डनसारख्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी. गुपचूप पाकीट घेणारे हौशी आत. उघड मोबदला घेणारा मात्र ‘धंदेवाईक’ म्हणून बाहेर! १९४९ च्या अखेरीस पांचोनं उघड मोबदला घेतला. दारं बंद झाली.

पहिल्याच दौऱ्यात जॅक क्रेमरनं त्याला ९६ सामन्यांत हरवलं; पांचोनं जिंकले २७. पुढं वर्षानुवर्षं आज या गावी, उद्या त्या गावी. व्यायामशाळेत, बर्फाच्या रिंगणावरसुद्धा कॅनव्हास अंथरायचा, खेळायचं, गुंडाळायचा, की निघाली स्वारी. तो धंदेवाइकांतला सर्वश्रेष्ठ ठरला. तरीही १९५५ च्या अखेरच्या दौऱ्यात नवख्या टोनी ट्रॅबर्टला ८० हजार डॉलरची हमी मिळाली आणि पांचोला अवघे १५ हजार. त्यानं ट्रॅबर्टला धूळ चारली ती अशा पगारावर!

१९६८ साली विंबल्डननं धंदेवाइकांना दार उघडलं. पुढल्या वर्षी ४१ वर्षांचा पांचो २५ वर्षांच्या चार्ली पासारेलपुढं उभा राहिला. पहिला सेट २२-२४ असा गेला. अंधारून आलं, खेळ थांबवा म्हणून पांचो कुरकुरला, पण पंच ऐकेनात. चिडून खेळला, दुसरा सेट १-६ असा गमावला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी मात्र १६-१४, ६-३, ११-९! एका गुणानं सामना जाईल, असे सात प्रसंग त्यानं परतवले. ५ तास १२ मिनिटं, ११२ गेम्स. काल हुर्यो उडवणारे आज उभे राहून टाळ्या पिटत होते. पुढं १९७१ साली विंबल्डननं टायब्रेक आणला, त्यामागं असल्याच न संपणाऱ्या सामन्यांचा धसका होता.

१९९५ साली पांचो गेला. विंबल्डन पुन्हा खेळायला मिळालं खरं, पण १९५० ते १९६७ ही भर उमेदीची अठरा वर्षं त्याला कोण परत देणार?

आज विंबल्डनचा विजेता मानानं धनादेश घेतो आणि त्याला कुणी धंदेवाईक म्हणून नाक मुरडत नाही. तेव्हा उद्या आपला बंड्या रॅकेट घेऊन निघाला, तर पोटाचा प्रश्न जरूर विचारा. पण तो शब्द तेवढा शिवीसारखा वापरू नका!