वाघ मोजतात तसं प्रवाळही मोजावं लागतं. पण समुद्रात ग्रामसभा कुठून आणायची?

चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही. होता मात्र! कोरपना-गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांना लागणारा चुनखडक अब्ज वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. (तेव्हा प्रवाळ नव्हतं, ते वेगळं.) आजच्या समुद्रात मात्र महाराष्ट्रासमोर एक जंगल पाण्याखाली उभं आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. चारही बाजूंनी पाणी शेकडो मीटर खोल, पण या पठाराचा माथा वीस-पंचवीस मीटरवर. ऊन तळापर्यंत पोहोचतं, म्हणून तिथं प्रवाळ वाढलं.

डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या पथकानं तिथं बुड्या मारून पाहणी केली. ताडोब्यात वनरक्षक ट्रान्झॅक्ट लाइनवर चालत चितळ-सांबर मोजतात, प्रवाळावरचं कामही त्याच जातीचं. तळावर टेप अंथरायचा, दोन्ही बाजूंचे मासे मोजायचे, प्रवाळाचे फोटो काढायचे. फक्त वेळ नसतो. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणून टाकीतली हवाही तिप्पट वेगानं संपते. नायट्रोजन रक्तात मुरतो तो वेगळाच. घाईनं वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे अंगात होतात, माणूस लुळा पडू शकतो, जीवही जातो. म्हणून जोडीनंच उतरायचं, हळूहळू वर यायचं, पाच मीटरवर तीनेक मिनिटं थांबायचं. अन् दवाखाना शंभर किलोमीटर दूर.

एवढा जीव धोक्यात कशाला घालायचा? कारण आकड्याशिवाय सरकारदरबारी दावा टिकत नाही. पाणी तापलं की प्रवाळ आतलं शेवाळ टाकून देतं, पांढरं पडतं, उपाशी मरतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातल्या चौथ्या मोठ्या पांढरेपणाची घोषणा केली. आधीची मोजणीच नसली तर काय मेलं हे कळणार कसं?

राज्यानं २०२० मध्ये हे क्षेत्र संरक्षित करण्याचा प्रस्ताव पुढे नेला. पण राज्याच्या हातात फार काही नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत देशाची प्रादेशिक हद्द. त्यापलीकडे १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानं अधिकार केंद्राचा.

खरी गोम इथंच आहे. अभयारण्याची रेष गावाजवळ आली की काय होतं, हे ताडोब्याच्या बफरमधल्या लोकांना सांगायला नको. तरी जंगलात वनहक्क कायदा आहे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला. खोल समुद्रात तसा कायदा नाही, ग्रामसभा नाही. मासोळीचा दाणापाणी मात्र त्याच पाण्यावर. प्रवाळ वाचवलंच पाहिजे, तळ खरवडणारी जाळी तिथं नकोतच. पण केंद्रानं शिक्का मारण्याआधी देवगड-मालवणच्या मच्छीमार सोसायट्यांना विचारायला हवं, अन् पाणबुडे पुन्हा उतरवून २०१९ च्या मोजणीशी ताळा घालायला हवा.