पंपाचा स्क्रू फिरवण्याआधी हवेचा हिशोब करा



गेल्या पंधरवड्यात तिघांनी एकच प्रश्न विचारला. "जुनी एमएम ५४० आहे, चढाला ओढत नाही. पंप वाढवून घेऊ, की टर्बो बसवू?" एका भावाने तर व्हिडिओच पाठवला. जीप बांधावर उभी, रेस दाबलेली, मागे काळ्या धुराचा लोट. खाली लिहिलंय, "पॉवर बघा!"

माझं मत आधीच सांगून टाकतो. तो धूर म्हणजे पॉवर नाही. ते तुमच्या पैशाचं अर्धवट जळलेलं डिझेल आहे. आणि हे मी शहाणपणा शिकवायला लिहीत नाही. हाच गाढवपणा मी स्वतः करून बसलोय.

आमचं रान जुन्नर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात तिथे दुसरी गाडी जात नाही. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला जायचं, आणि बिबट्याचा भाग म्हणून दुचाकीवर जायची हिंमत होत नाही. म्हणजे आमच्या घरी जीप हौसेची नाही, अवजार आहे.

तीन वर्षांपूर्वी तिची ओढ कमी झाली. मिस्त्री म्हणाला, पंप थोडा वाढवू. फुल लोडचा स्क्रू सव्वा आटा आत घेतला, दहा मिनिटांचं काम. येताना जीप अशी पळाली की मी घरी सगळ्यांना बसवून एक चक्कर मारून आणली. धूर दिसत होता, पण खरं सांगतो, त्याचाही अभिमान वाटला.

मे महिना आला. टोमॅटोचा तोडा चालू, बाजार चांगला. २५ क्रेट, म्हणजे ५०० किलो माल, घेऊन नारायणगावला निघालो. दुसऱ्या चढाला काटा लालमध्ये गेला. "एवढा चढ काढू" म्हणत मी दाबत राहिलो. वर पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ. हेड खोललं तर गॅस्केट गेलेलं, हेडला चीर, तिसऱ्या पिस्टनचा माथा वितळून खड्डा पडलेला. ४८ हजार रुपये आणि ११ दिवस. त्या ११ दिवसांतले दोन तोडे दुसऱ्याच्या गाडीने गेले, एक झाडावरच पिकून गेला.

दोष मिस्त्रीचा म्हणायचा का? नाही. "ओढ का कमी झाली?" हा प्रश्न मी विचारलाच नाही.

आता हिशोब बघू. या जीपचं पूजो इंजिन २११२ सीसीचं. चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक. फोर स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा हवा भरते. २००० आरपीएमला मिनिटाला फार तर २१०० लिटर हवा, प्रत्यक्षात त्याहून कमी. टर्बो नाही, म्हणजे इंजिन ओढेल तेवढीच हवा. एक किलो डिझेल जाळायला साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण सारखं होत नाही, म्हणून धूर नको असेल तर १८ ते २० किलो तरी लागते. त्यात आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर वर. मे महिन्यात ४० अंशाला आपल्याकडची हवा समुद्रकाठच्या २० अंशातल्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. साध्या जुन्या पंपाला हे कळत नाही. तो ठरलेलं डिझेल ढकलत राहतो. त्यात आपण स्क्रू फिरवून आणखी ढकलायला लावतो.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर पाणी नसलेल्या रानात युरियाचं दुसरं पोतं टाकण्यासारखं आहे हे. कमतरता पाण्याची, आपण खत वाढवतोय. पीक करपणारच.

जास्तीचं डिझेल उशिरा जळतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. सपाटीला मिनिटभर दाबलं तर काही होत नाही. लोड घेऊन दहा मिनिटं चढ काढला की पिस्टन जातो. म्हणून "माझ्या गाडीला तर काहीच झालं नाही" यावर जाऊ नका. तिच्यावर लोड कधी आला, ते विचारा.

माझ्या गाडीचा खरा आजार इंजिन खोलल्यावर कळला. ऑइल बाथ फिल्टरमध्ये तेल नव्हतं, चिखल होता. दोन नोझल ठिबकत होते. रेडिएटरच्या बऱ्याच नळ्या क्षाराने बुजलेल्या, कारण वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं. आणि थर्मोस्टॅट कुणीतरी "गरम होते" म्हणून काढून फेकलेला. पान पिवळं पडलं की लगेच नत्र टाकायचं नाही, आधी मूळ बघायचं, लोह बघायचं, पाणी साचलंय का बघायचं. हे आपण एकमेकांना रोज सांगतो. मग इंजिनाला वेगळा न्याय का?

मी बदल करण्याच्या विरोधात नाही. जुनी गाडी आपली, हत्यार आपलं. मीही बदल केलेत, आणि ते पटतात म्हणून सांगतो:

१. हवेचं तोंड पाइपने बॉनेटच्या वर काढलं. धूळ कमी, ओढ्याचं पाणी आत जायची भीती कमी. ऑइल बाथ फिल्टर तसाच ठेवला, तोडणीच्या दिवसांत दर आठवड्याला साफ करतो. उघडा, चकचकीत फिल्टर आपल्या फुफाट्यात लावू नका.

२. डिझेलच्या लाइनला पाणी वेगळं करणारा वाटीचा फिल्टर. कॅनमधून डिझेल भरणाऱ्याने तर लावाच.

३. पाण्याच्या तापमानाचा खात्रीचा मीटर आणि वर गेलं की वाजणारा बझर. एक्झॉस्टच्या तापमानाचाही मीटर लावला.

४. हीटर प्लगला रिले आणि जाड वायर. या इंजिनाला थंडीत प्लगशिवाय जमत नाही, आणि निम्मा करंट जुन्या वायरीतच मरत होता.

५. रेडिएटर नव्याने बांधला, कूलंट भरलं, थर्मोस्टॅट परत बसवला. तो नसला की इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त पितं, झिजतं.

नोझल आणि पंप मात्र बेंचवरच सेट केले. आता चढाला पहिल्यासारखी ओढते, धूर नाही.

टर्बोबद्दल. पूजोने स्वतः याच घराण्यातल्या २३०४ सीसी इंजिनाला १९७९ मध्ये ६०४ मोटारीत टर्बो दिला होता. म्हणजे होत नाही असं नाही. पण भंगारातला टर्बो, अंदाजाने जोडलेली ऑइल लाइन आणि जुन्या रिंगा हे वेगळं प्रकरण. टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटतं, मग बंद करूनही थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड फळीने बंद करायचं, हात लावायचा नाही. किंवा वरच्या गिअरला ब्रेक दाबून क्लच सोडायचा. हे माहीत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. शिवाय वाढलेली ताकद क्लच, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन आणि ब्रेक यांनाही पेलावी लागते.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसी बुकात नोंद. अपघात झाला की विमावाले पहिलं बोट यावरच ठेवतील.

काही मित्र म्हणतील, "अनुभवी मिस्त्रीला कानाने कळतं." कळतं, मान्य आहे. चांगल्या मिस्त्रीचा कान मी मीटरइतकाच मानतो. पण तो कान आधी आजार ओळखायला वापरा, स्क्रू त्यानंतर. काळा धूर दिसला की आधी फिल्टर उघडा, मग नोझल तपासा, मग कॉम्प्रेशन. हे सगळं ठीक निघालं आणि तरीही ओढ कमी वाटली, तर मान्य करा की ही मूळची ६०-६२ हॉर्सपॉवरची गाडी आहे. पाच क्रेट कमी भरा, खालचा गिअर टाका.

तोडा दोन फेऱ्यांत नेता येतो. वितळलेल्या पिस्टनवर एकही फेरी होत नाही.