मुलांच्या रॉकेटसाठीही वर्गणी काढूया

जत्रेचे दारूकाम, दशावतारी नाटक किंवा देवळाचा जीर्णोद्धार पैशांअभावी अडला, असे पार्से गावात सहसा होत नाही. पावणीला आपण हात आखडत नाही. शाळेच्या प्रयोगाची वेळ आली की मात्र सरकारकडे बोट दाखवतो.

गेल्या वर्षी एका शाळेचे विज्ञान शिक्षक माझ्या काउंटरवर आले. स्वतःच्या पगारातून ते पाइप, व्हॉल्व्ह आणि सायकलचा पंप घेणार होते. मुलांना पाण्याचे रॉकेट करायचे होते. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी घालायचे, पंपाने हवा दाबायची; बूच सुटले की पाणी खाली आणि बाटली वर. तेवढ्यासाठीही शाळेकडे पैसे नव्हते. ऐकून मला लाज वाटली.

कोणी म्हणेल, हे इस्रोचे काम. पण पुण्याच्या सीओईपीतील विद्यार्थ्यांनी २००८ साली ‘स्वयम्’ उपग्रहाचे काम हाती घेतले. सुमारे एक किलोचा हा उपग्रह पीएसएलव्ही-सी३४ ने २२ जून २०१६ रोजी अवकाशात नेला. सुरुवात करणारी मुले पदवी घेऊन बाहेर पडली, पुढच्या तुकड्यांनी काम चालू ठेवले. देशभरातील ७५० मुलींनी मिळून केलेला ‘आझादीसॅट’ ७ ऑगस्ट २०२२ रोजी वाया गेला, कारण एसएसएलव्हीचे पहिलेच उड्डाण फसले. दुसरा उपग्रह १० फेब्रुवारी २०२३ रोजी कक्षेत पोहोचला. म्हणजे अशा कामाला एकदाची मोठी देणगी पुरत नाही. दरवर्षी पैसा हवा, आणि अपयशानंतरही देणारा हवा.

आता हिशेब. पन्नास घरांनी महिना १०० रुपये दिले तर वर्षाचे ६०,००० होतात. खाते पालक-शिक्षक संघाच्या नावे, दोन सह्यांचे असावे. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी, जमाखर्च शाळेच्या फलकावर लावावा. मोठी रक्कम चेकनेच घ्यावी. मोपा विमानतळ जवळ आहे, तेव्हा पाण्याच्या बाटलीपलीकडचे काही परवानगीशिवाय उडवू नये.

कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. तालुक्यात धंदा करणाऱ्या अशा कंपन्यांना आपल्या संस्थेने पत्र लिहावे. मते मागायला येणाऱ्या उमेदवारांनाही विचारावे, की पेडण्यातील किती मराठी शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाली?

मराठीच्या हक्कासाठी आपण सभा घेतो, ठराव करतो. ते चालू राहोच. पण मराठी शाळेत मुलाला प्रयोग करायला मिळाला नाही, तर पालक त्याला दुसऱ्या शाळेत घालतील आणि आपला ठराव कागदावर राहील. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. पहिल्या वर्षाचे माझे १,२०० रुपये मी त्याच दिवशी चेकने देईन.