दोन वर्षांचा थकलेला पगार

जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राममंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा अवघा महाराष्ट्र पोलिसांच्या नावाने खडे फोडत होता. दोनेक महिन्यांत मूर्ती हाती लागल्या आणि ओरड थांबली. माग काढणाऱ्या शिपायांची नावे फारशी कुणी विचारली नाहीत. पोलिसाची आठवण व्हायला एक तर चोरी व्हावी लागते, नाहीतर त्याला मरावे लागते. मेल्यावरही आठवण होईलच असे नाही.

लेफ्टनंट जे. डब्ल्यू. हेन्री यांचेच पाहा. अहमदनगरचे पोलीस सुपरिंटेंडेंट. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नरकडच्या नांदूर शिंगोट्याजवळ ते भिल्लांच्या बंडावर चालून गेले आणि गोळी लागून ठार झाले. दिल्लीत २०१८ साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले, त्यावरची नावे स्वातंत्र्यानंतरची. पोलीस स्मृतिदिनाची, २१ ऑक्टोबरची मानवंदना १९५९ साली लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला पडलेल्या पोलीस जवानांची आठवण म्हणून सुरू झाली. हेन्री गोऱ्या सरकारचे चाकर. ते यात नाहीत, याबद्दल आमची तक्रार नाही.

पण त्यांच्यासमोर उभे ठाकलेले भागोजी नाईक कोण होते? याच नगर पोलिसांतले माजी अंमलदार! १८५५ साली दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागला. पुढे सत्तावन्नात हत्यारे जमा करण्याचा हुकूम निघाला आणि नाईकांनी गाव सोडले. पन्नासेक भिल्ल त्यांना मिळाले, पुणे-नाशिक रस्ता त्यांच्या टप्प्यात आला. हेन्रींनी मामलेदारांकरवी बोलणी लावली. उलट निरोप आला : दोन वर्षांचा थकलेला पगार द्या, पोटापाण्याची सोय लावा, मग हजर होतो. हेन्रींनी चाल करण्याचा हुकूम दिला.

त्या काळच्या साहेबाकडून निराळी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. तरी एवढे दिसतेच की, ज्या मागणीचा निकाल कचेरीत लावता आला असता, तो माळावर बंदुकीने लावला गेला. दोन वर्षांनी, ११ नोव्हेंबर १८५९ रोजी, मिठसागरे इथे फ्रँक साउटर यांनी नाईकांना गाठले आणि त्या चकमकीत नाईक पडले. हेच साउटर १८६४ साली मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. बढती तेवढी वेळेवर मिळाली!

आज भागोजी नाईकांना क्रांतिवीर म्हणतात, आणि ते रास्तच आहे. म्हणून हेन्रींचे नाव घेतले तर फितुरी होत नाही. खरी उपेक्षा झाली ती हेन्रींमागून निघालेल्या देशी शिपायांची. तेही याच मुलखातले, त्यांची चूलही त्याच सरकारी पगारावर पेटणारी. इंग्रजांना ते गोरे नव्हते म्हणून नकोत, आपल्याला ते इंग्रजांचे म्हणून नकोत.

पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणाऱ्या १९६६ च्या कायद्यामुळे आजही शिपायाला सरकारच्या परवानगीवाचून कामगार संघटना करता येत नाही. रजा, क्वार्टर, ड्युटीचे तास, सगळे अर्ज-विनंत्यांनी मागायचे. तेव्हा येत्या २१ ऑक्टोबरला फैरी झाडण्याआधी प्रत्येक जिल्ह्याच्या अधीक्षकांनी त्या अर्जांचा गठ्ठा सोडून बसावे, आणि किती जुना अर्ज तळाशी निघाला ते मानवंदनेच्या मैदानावर वाचून दाखवावे.